आवाळूच्या लाकडाचे वाडगे

माणसाच्या अंगावर येते तसे आवाळू झाडाच्या खोडावर किंवा मुळाशीही येते. त्या गाठीचे लाकूड लेथवर कातून हे वाडगे करतात. इजा, बुरशी किंवा किडीमुळे एका जागी बेसुमार वाढ होते; लाकडाचे तंतू सरळ न जाता भोवऱ्यासारखे फिरतात आणि सुप्त अंकुरांच्या जागी बारीक ‘डोळे’ उमटतात. सरळ रेषा नाही म्हणून सुतार हे लाकूड बाजूला टाकतो. कातारी ते नेमके त्यासाठीच उचलतो.

मुंबईत असे लाकूड मिळण्याचा हंगाम म्हणजे पावसाळा. वाऱ्यापावसात पर्जन्यवृक्ष, आंबा, भेंडी (भाजीची नव्हे, त्याच नावाचा वृक्ष), गुलमोहर पडतात. यांतला गुलमोहर ठिसूळ, लवकर किडणारा. त्याच्या नादी लागू नये. भेंडी मात्र घट्ट आणि तांबूस-तपकिरी. हवाई बेटांवर तिला ‘मिलो’ म्हणतात आणि तिथे तिचे वाडगे परंपरेने होत आले आहेत. जिवंत झाडाचे आवाळू कापले की खोडाला मोठी जखम होते. शिवाय १९७५ च्या राज्य कायद्यानुसार शहरातले झाड वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. पडलेल्या झाडाचे लाकूडही विचारूनच न्यावे.

खरी परीक्षा वाळवण्याची. ओले लाकूड आधी जाडसर काततात. भिंतीची जाडी व्यासाच्या साधारण दशांश, म्हणजे २५ सेंमीच्या वाडग्याला अडीच सेंमी. मग मेण लावून काही महिने ठेवतात आणि अधूनमधून वजन करतात. वजन उतरायचे थांबले की लाकूड वाळले. पण जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा लाकडात ओल असतानाच वजन थांबते आणि काटा फसवतो. म्हणून पावसाळ्यात कच्चे कातून अखेरचा हात दिवाळीनंतर फिरवणे बरे.

तंतू कोणत्याही दिशेने उलटे येतात, त्यामुळे गोल पटाशीला वारंवार धार लावून हलके काप घ्यावे लागतात. गाठीत अडकलेली साल सुटून उडते. सुरुवातीला लेथ सावकाश फिरवावा आणि तोंडावर ढाल हवीच. शेवटी जवसाचे तेल देतात. घरात असते म्हणून खोबरेल चोळणारे पुष्कळ, पण ते वाळत नाही आणि पुढे खवट वास मारते.

सालीचे खड्डे नि भेगा राहिलेल्या वाडग्यात आमटी किंवा ताक वाढू नये; सुकामेवा ठेवावा.