वेचणीची ओटी आणि पोटाचा पट्टा

दिवाळी उलटली की अमळनेरकडच्या मावशीच्या फोनचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "कंबर दुखी ऱ्हायनी रे भो." कापूस वेचणारी बाई कमरेला पुढे ओटी बांधते. ओटी बोंडागणिक जड होत जाते, वाकलेल्या कमरेला पुढे ओढते, आणि पाठीचे स्नायू दिवसभर मागून तोल सांभाळत राहतात. यंदा धुळ्याच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी मावशीला मलमाऐवजी व्यायाम दिला. नाव सांगितलं पिलाटेस. मावशीने त्याचं 'पिलाटी' करून टाकलं.

हे नाव खरं तर एका माणसाचं आडनाव आहे. जोसेफ पिलाटेस 1883 साली जर्मनीत जन्मले. लहानपणी दमा, मुडदूस आणि संधिवाताचा ताप, म्हणजे पोर टिकतंय की नाही अशी गत. मग त्यांनी शरीर कमावायचा ध्यासच घेतला. पहिल्या महायुद्धात ते इंग्लंडमध्ये होते. जर्मन म्हणून त्यांना आइल ऑफ मॅन या बेटावरच्या छावणीत डांबलं. तिथे खाटांच्या स्प्रिंगा वापरून त्यांनी आजाऱ्यांना झोपल्याजागी व्यायाम दिला, असं सांगतात. 1926 साली ते न्यूयॉर्कला गेले. आपल्या पद्धतीला ते 'कंट्रोलॉजी' म्हणत. दुखावलेले नर्तक तिथे येऊ लागले, जॉर्ज बॅलनशीनसारखा नृत्यदिग्दर्शकही आपल्या नर्तकांना पाठवू लागला. 2000 साली अमेरिकेतल्या एका न्यायालयाने 'पिलाटेस' हे कुणा एकाचं व्यापारचिन्ह नाही असं ठरवलं. त्यामुळे आज कुणीही त्या नावाची पाटी लावू शकतो. पाटीपेक्षा शिकवणाऱ्याचं शिक्षण विचारलेलं बरं.

यात पोटाचा काय संबंध? पोटाच्या भिंतीत सर्वांत आत एक स्नायू असतो, ट्रान्सव्हर्सस अ‍ॅब्डॉमिनिस. त्याचे तंतू आडवे जातात, म्हणून तो पट्ट्यासारखा कंबर आवळतो. 1996 साली पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी ऑस्ट्रेलियात पाहिलं, की निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा हाताचा स्नायू जागा व्हायच्या आधीच हा पट्टा आवळलेला असतो. जुनी कंबरदुखी असलेल्यांत मात्र तो उशिरा जागा होतो.

पिलाटेसचा भर या आतल्या स्नायूंवर, श्वासावर आणि सावकाश, नेमक्या हालचालीवर आहे. मावशीचा पहिला धडा असा: सतरंजीवर उताणं, गुडघे दुमडलेले, श्वास सोडत बेंबी हळूच आत, कंबर न हलवता एक पाय उचलायचा. दिसायला काहीच नाही, पण चौथ्या वेळेला तिचा पाय थरथरू लागला.

चमत्काराची अपेक्षा नको. 2015 च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे झालेल्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, 10 चाचण्या आणि 510 रुग्ण होते. कंबरदुखीत काहीच न करण्यापेक्षा किंवा नावापुरत्या उपचारापेक्षा पिलाटेस बरं, पण इतर व्यायामांहून सरस असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. म्हणजे पिलाटेसच्या महागड्या स्प्रिंगांच्या यंत्रावाचून काही अडत नाही, निदान आमच्या मावशीचं तरी. हाडं ठिसूळ असतील त्यांनी मात्र पुढे वाकायचे प्रकार विचारल्याशिवाय करू नयेत.

परवा वेचणीला निघताना ती ओटी बांधत होती. गाठ मारायच्या आधी तिने श्वास सोडला, पोट आत घेतलं, आणि मग गाठ आवळली. ताईंनी हे सांगितलं नव्हतं.