मॅरिसच्या ६१ होमरनपुढे तारांकन नव्हतेच
बेसबॉलमध्ये न्यूयॉर्क यांकीज संघाच्या रॉजर मॅरिसने १९६१ च्या हंगामात ६१ होमरन (बहुधा चेंडू मैदानाबाहेर टोलवणारे फटके) मारले, पण विक्रमपुस्तकात त्यापुढे तारांकन (*, म्हणजे विक्रम निखळ नसल्याची खूण) पडले, असे अजून सांगितले जाते. ते कधीच छापले गेले नाही. घोळ सामन्यांच्या संख्येचा. आधीचा विक्रम, म्हणजे बेब रूथचे १९२७ मधले ६० होमरन, १५४ सामन्यांच्या हंगामातले. १९६१ ला यांकीज खेळत त्या अमेरिकन लीगमध्ये दोन संघ वाढले आणि सामने १६२ झाले. बेसबॉलचे आयुक्त फोर्ड फ्रिक (हे पूर्वी रूथच्या नावाने लेख लिहून देत!) यांनी जुलैत जाहीर केले की, १५४ सामन्यांनंतर मोडलेला विक्रम वेगळा नोंदवावा. त्यामुळे नोंदी दोन झाल्या, खूण नाही. १९९१ मध्ये ती विभागणीही गेली. तसेही मॅरिस फलंदाजीला रूथपेक्षा जेमतेम सात वेळा जास्त आला, ६९८ विरुद्ध ६९१.