फिलाडेल्फिया इंटरनॅशनल आणि साल्सोल: वादक तेच, तबकडी वेगळी

फिलाडेल्फिया इंटरनॅशनलबद्दल फार सांगायला नको. केनी गॅम्बल आणि लिऑन हफ या गीतकार-निर्मात्यांच्या जोडीने १९७१ मध्ये काढलेली रेकॉर्ड कंपनी, वितरण सीबीएस या बड्या रेकॉर्ड कंपनीचं, घरचा वाद्यवृंद एमएफएसबी. घोळ होतो तो साल्सोल या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीपाशी. डिस्कोच्या याद्यांमध्ये साल्सोलची गाणी सर्रास ‘फिली साउंड’मध्ये, म्हणजे फिलाडेल्फियाच्या खास शैलीत, कोंबलेली असतात, आणि ते बघून दर वेळी चिडचिड होते.

घोळाला कारण आहे, नाही असं नाही. साल्सोल १९७४ ची, न्यूयॉर्कची. लॅटिन संगीताच्या धंद्यातल्या केयर बंधूंनी ती काढली. पण गॅम्बल-हफशी पैशांवरून बिनसल्यावर ड्रमर अर्ल यंग, गिटारिस्ट नॉर्मन हॅरिस, बेसवाला रॉनी बेकर आणि व्हायब्राफोनवाला व्हिन्सेंट मोंटाना हे एमएफएसबीचे खंदे वादक साल्सोलकडे आले. रेकॉर्डिंगही फिलाडेल्फियाच्याच सिग्मा साउंड स्टुडिओत व्हायचं. हाय-हॅटची, म्हणजे ड्रमच्या जोड-झांजेची, ती उघडझाप दोन्हीकडे ऐकू येते, कारण हात अर्ल यंगचेच. तेव्हा नुसत्या वादनावरून कंपनी ओळखायला जाऊ नका, फसाल.

खरा प्रश्न वेगळा आहे: शेवटचा शब्द कोणाचा? गॅम्बल-हफकडे तो गीतकार-निर्मात्याचा. कडवं, ध्रुवपद, गायकाचं म्हणणं पोचलं की गाणं संपलं. साल्सोलने तो अधिकार क्लबात तबकड्या लावणाऱ्या डीजेला दिला. १९७६ मध्ये डबल एक्स्पोजर या गटाचं ‘टेन पर्सेंट’ डीजे वॉल्टर गिबन्सकडे गेलं आणि नऊ मिनिटांच्या वर लांबलं. दुकानात विकायला आलेली ही पहिली बारा इंची सिंगल, म्हणजे एका गाण्याची मोठी तबकडी. त्याआधी अशा तबकड्या फक्त डीजेंना प्रचारासाठी मिळत. आकार वाढला म्हणजे नुसती लांबी वाढली असं नव्हे. खाचांना ऐसपैस जागा मिळते, बेस तबकडीवर दणदणीत कोरता येतो.

पुढच्याच वर्षी गायिका लोलीटा हॉलोवेचं ‘हिट अँड रन’ गिबन्सच्या हाती आलं. या वेळी वेगवेगळे ट्रॅक असलेली मूळ टेपच मिळाली. त्याने गाण्यातली कडवी आणि व्हायोलिनांचा मोठा भाग काढून टाकला, आणि शेवटाकडे ती बाई मोकळी सुटून जे गाते, तेच मध्यभागी आणून ठेवलं. मूळ गाणं आणि हे मिक्स, म्हणजे गिबन्सने नव्याने जुळवलेलं रूप, एकापाठोपाठ ऐका. वादक तेच, गायिका तीच, पण ऐकणाऱ्याला घातलेली साद पार वेगळी. मला विचाराल तर साल्सोलचं सगळं मोठेपण या अकरा मिनिटांत आहे.

गॅम्बल-हफनीही १९७७ मध्ये जुनी गाणी टॉम मोल्टन या मिक्स करणाऱ्याकडून लांबवून घेतली, हे खरं. पण ती आधी गाजलेली गाणी होती, मिक्स मागाहून आलं.

दोघांचा वारसाही याच रेषेवर फुटतो. १९८९ मध्ये सिम्प्ली रेड या ब्रिटिश बँडने गॅम्बल-हफचं ‘इफ यू डोन्ट नो मी बाय नाउ’ अख्खंच्या अख्खं गाऊन अमेरिकेत पहिला क्रमांक गाठला. त्याच वर्षी ब्लॅक बॉक्स या इटालियन गटाच्या ‘राइड ऑन टाइम’ने ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक घेतला, तो साल्सोलच्या ‘लव्ह सेन्सेशन’ या गाण्यातून उचललेल्या लोलीटाच्या आवाजाच्या तुकड्यांवर. व्हिडिओत ओठ हलवायला मॉडेल होती, आणि लोलीटाला आपल्या आवाजाचे पैसे वकिलांमार्फत मागावे लागले.