आधी सॅम्पल द्या, जंताची गोळी नंतर

सुशी खाल्ली, कच्चा साल्मन खाल्ला, पोटात जंत झाले का, हे विचारणारे पेशंट आमच्या लॅबमध्ये हल्ली वाढून राहिले म्हणून हा कागद छापला. आपल्या सावजी रश्श्यात चांगला शिजलेला रोहू-कतला खाणाऱ्यांनी घाबरायचं काही कारण नाही, प्रश्न कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या माशाचा आहे, आणि लिंबू पिळल्याने त्यातली जंताची अळी मरत नाही.

शनिवारी खाल्लं अन् सोमवारी शौचाची टेस्ट, याचा उपयोग नाही. माशातला टेपवर्म, म्हणजे पट्टीसारखा लांब जंत, पोटात मोठा होऊन अंडी टाकेपर्यंत साधारण तीन ते सहा आठवडे जातात. खाल्ल्यावर काही तासांतच पोटात जोरात कळा येत असतील तर ते अनिसाकिस, म्हणजे समुद्री माशातल्या दुसऱ्या एका जंताची अळी, असू शकतं, त्याची अंडी शौचात येतच नाहीत, एंडोस्कोपी (तोंडातून नळी घालून तपासणी) लागते, तेव्हा आमच्याकडे न येता सरळ डॉक्टरकडे जा.

आता सगळ्यात जास्त वेळ कशात जातो ते सांगतो. लोक मेडिकलमधून अल्बेंडाझोल ही जंताची नेहमीची गोळी घेतात, दोन दिवसांनी सॅम्पल आणतात, रिपोर्ट निगेटिव्ह येतो अन् महिना-दीड महिन्याने पुन्हा तीच तक्रार. टेपवर्मवर त्या गोळीचा भरवसा नाही, त्याला प्राझिक्वांटेल हे वेगळं औषध लागतं, तेही वजन बघून डॉक्टरने लिहिलेलं. अर्धवट औषधाने जंताचे तुकडे पडतात, अंडी काही दिवस थांबतात, पण डोकं आतड्याला चिकटून राहिलं की तो परत वाढतो. म्हणून गोळी घेतली असेल तर काउंटरवर आधी सांगा, आम्ही रागवत नाही, तारीख पुढची देतो.

तीन सॅम्पल कशाला, पैसे काढायला का, असंही ऐकतो. मोठ्या टेपवर्मची अंडी दिवसाला लाखांनी पडतात, तो एका सॅम्पलमध्येही बहुतेक सापडतो. पण जिआर्डियासारखे आतड्यातले बाकीचे बारीक परजीवी एक दिवस दिसतात, एक दिवस नाही, आणि तुमच्या पोटात कोण आहे हे आम्हाला आधी माहीत नसतं, म्हणून एक दिवस आड करून तीन मागतो.

डबी आमच्याकडून फुकट न्या, लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका. पांढरा पट्टीसारखा तुकडा पडला तर फेकू नका, तोही वेगळ्या डबीत आणा, जंताची जात ओळखायला तो फार कामी येतो. माशातला हा टेपवर्म बी१२ व्हिटॅमिन खातो, म्हणून खूप दिवस थकवा असेल तर त्याच फेरीत रक्तही देऊन टाका, सकाळी घरून कलेक्शनची सोय आहे.