आवाजाची पट्टी आणि कॉम्प्युटरचे गुण

पीटीई या, कॉम्प्युटरने गुण देण्याच्या इंग्रजी परीक्षेची तयारी सुरू झाली की एक सल्ला हमखास कानावर येतो: आवाज खाली घे, जरा जाड काढ, पातळ आवाजाला कॉम्प्युटर गुण देत नाही. मुलींना तो जास्तच ऐकवला जातो. सल्ला देणाऱ्यांनी यंत्र आतून पाहिलेलं नसतं. तरी या समजुतीला जुना इतिहास आहे, आणि तो पाहिला की तिच्यात खरं किती आणि अपायकारक किती, हे वेगळं करता येतं.

इंग्रजी बोलण्याची परीक्षा पूर्वी माणसंच घेत. केंब्रिजने १९१३ साली पहिली प्रावीण्य परीक्षा घेतली तेव्हा तिघे बसले आणि तिघेही नापास झाले. मोठ्याने वाचन आणि संभाषण त्या परीक्षेतही होतं. समोर माणूस असला की आवाजाच्या पट्टीचा प्रश्न फारसा येत नाही. लहान मूल असो, आजी असो की सर्दीने बसलेला घसा, आपला कान दोन वाक्यांत जुळवून घेतो. ही जुळवणी यंत्राला मात्र मुद्दाम शिकवावी लागली.

१९५२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत 'ऑड्री' हे यंत्र बोललेले आकडे ओळखू लागलं. ज्याच्या आवाजावर ते बसवलं असेल त्याच्याबाबतीत ते उत्तम चाले. दुसरा कुणी आला की गडबड. त्याच वर्षी तिथल्याच गॉर्डन पीटरसन आणि हॅरोल्ड बार्नी यांनी ३३ पुरुष, २८ स्त्रिया आणि १५ मुलं यांच्याकडून इंग्रजी स्वर म्हणवून घेऊन मोजले. मोजमापाच्या आलेखावर एकच स्वर तिन्ही गटांत वेगवेगळ्या ठिकाणी पडत होता. इतकंच नव्हे, तर एका माणसाचा एक स्वर दुसऱ्याच्या भलत्याच स्वराच्या जागेवर येत होता.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. आवाजाची पट्टी ठरते स्वरतंतूंच्या कंपनावर: प्रौढ पुरुषांत सेकंदाला साधारण १२० वेळा, स्त्रियांत २०० किंवा थोडी अधिक, मुलांत त्याहूनही जास्त. स्वर 'आ' आहे की 'ई', हे ठरतं घशापासून ओठांपर्यंतच्या पोकळीच्या आकारावर. स्वीडनच्या गुनार फांत यांनी १९६० साली हा सिद्धांत सविस्तर मांडला. पेटीवर गाणं काळी एकमध्ये वाजवलं काय नि काळी चारमध्ये वाजवलं काय, चाल तीच राहते. तसंच इंग्रजीत शब्द ओळखायला पट्टीची गरज नसते. म्हणून अभियंत्यांनी ती हिशेबातून काढूनच टाकायचं ठरवलं. १९८० साली डेव्हिस आणि मर्मेलस्टाइन यांच्या शोधनिबंधाने जी मोजपद्धत रूढ केली, ती ध्वनीचा ढोबळ आकार ठेवते आणि पट्टीचा बारीक तपशील पुसते. पुढची कित्येक वर्षं बोलणं ओळखणारी बहुतेक यंत्रं याच पायावर उभी राहिली.

पण पट्टी पूर्ण पुसली जात नाही, आणि खरी मेख इथेच आहे. १०० कंपनांच्या आवाजात १००, २००, ३०० अशा जवळजवळच्या पटींवर ऊर्जा असते. २५० च्या आवाजात ती २५०, ५००, ७५० अशी विरळ होते. तोंडाच्या पोकळीचा आकार यंत्र या खुणांवरूनच काढतं. खुणा जितक्या विरळ, तितका अंदाज कच्चा. पातळ आवाजाची अडचण भौतिकशास्त्राच्या पातळीवर खरी आहे, ती ही.

त्यात नमुन्यांचा असमतोल मिसळला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आणि एमआयटी यांनी १९८० च्या दशकात तयार केलेल्या 'टिमिट' या ध्वनिसंग्रहात ६३० बोलणारे होते: ४३८ पुरुष, १९२ स्त्रिया, सगळे अमेरिकी. पिढ्यान्‌पिढ्या संशोधकांनी आपली यंत्रं यावर तपासली. पुढे, १९९० च्या दशकात, बोलणाऱ्याच्या पोकळीची लांबी लक्षात घेऊन मोजमाप ताणण्याची किंवा आवळण्याची युक्ती आली आणि तफावत बरीच कमी झाली. २००५ मध्ये अड्डा-डेकर आणि लामेल यांनी इंग्रजी व फ्रेंच बोलणं तपासलं, तेव्हा तर यंत्रं स्त्रियांचं बोलणं अधिक अचूक ओळखत असल्याचं दिसलं. 'बाईच्या आवाजाला कमी गुण' असा सरसकट नियम त्यातून निघत नाही. २०१० मध्ये गोल्डवॉटर, जुराफ्स्की आणि मॅनिंग यांच्या अभ्यासात चुका वाढताना दिसल्या त्या टोकांना: फार भरभर किंवा नेहमीपेक्षा फार वेगळ्या पट्टीत उच्चारलेल्या शब्दांत.

आता परीक्षा. कॅलिफोर्नियातल्या ऑर्डिनेट कंपनीने १९९० च्या दशकात 'फोनपास' काढली. उमेदवाराने फोन करायचा, वाक्यं वाचायची, ऐकलेलं पुन्हा म्हणायचं, गुण कॉम्प्युटर देणार. मला यातली सगळ्यात बोलकी बाब वाटते ती फोनची. साध्या टेलिफोन लाइनीतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं) एवढंच जातं. म्हणजे पुरुषाची असो वा स्त्रीची, नेहमीच्या बोलण्यातली मूळ पट्टी त्या तारेतून बहुतांशी जातच नसे. पोचत फक्त तिच्या वरच्या पटी. या परीक्षेचं नाव पुढे 'व्हर्सांट' झालं, २००८ मध्ये ती पिअर्सन या कंपनीकडे आली, आणि त्याच परंपरेतून २००९ मध्ये पीटीई अकॅडमिक सुरू झाली.

मग पट्टी गुणांत कुठेच नाही का? आहे, पण तिची उंची नव्हे, तिचा चढउतार. संशोधक जिआन चेंग यांनी २०११ मध्ये मोठ्याने वाचण्याच्या प्रश्नासाठी एक पद्धत मांडली. शब्दागणिक पट्टी आणि जोर कसे चढतात-उतरतात याचे आदर्श आलेख बनवायचे आणि उमेदवाराचा आलेख त्यांच्याशी ताडायचा. पट्टीचा उपयोग झालाच, पण त्याहून सरस ठरला काळ: कोणता ध्वनी किती लांबवला. दोन्ही एकत्र केल्यावर यंत्राचा माणसांच्या गुणांशी सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ) ०.८० आला; दोन माणसांचा आपसातला ०.७५ होता.

आपल्याकडच्या उमेदवारांसाठी हे महत्त्वाचं आहे. आपण इंग्रजीची अक्षरं सारख्या अंतराने, सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत जोराचं अक्षर लांबतं आणि बिनजोराचं जवळजवळ गिळलं जातं. गुण जात असतील तर बहुधा इथे जातात, आणि त्यावर मेहनत करता येते. ओढूनताणून आवाज खाली नेला तर उलटंच होतं. चढउताराला जागा उरत नाही, वाक्याच्या शेवटी आवाज घरघरतो आणि कंपनं अनियमित होतात, त्यामुळे यंत्राला पट्टी मोजणंच कठीण होतं. शिवाय आवाजाचा जोर कमी पडतो, मग शेजारच्या उमेदवाराचं बोलणं माइकमध्ये अधिक शिरतं.

तरी उमेदवारांच्या संशयाला मी दोष देणार नाही. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात एका आयरिश पशुवैद्य बाईंना, मातृभाषा इंग्रजी आणि दोन पदव्या असूनही, पीटीईच्या बोलण्याच्या भागात ७४ गुण मिळाले. स्थायी निवासासाठी ७९ हवे होते. परीक्षेत दोष नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. अशा वेळी नेमकं काय कमी पडलं, हे उमेदवाराला एका आकड्यापलीकडे कळत नाही, आणि त्या रिकाम्या जागेत 'जाड आवाज काढ' सारखे सल्ले वाढतात. उंच आणि खालच्या पट्टीच्या उमेदवारांना माणसं किती गुण देतात आणि यंत्र किती, हे परीक्षा घेणाऱ्या कंपन्यांनी नियमित प्रसिद्ध करायला हवं. ऑगस्ट २०२५ पासून ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठीच्या सर्वोच्च इंग्रजी श्रेणीसाठी पीटीईच्या बोलण्याच्या भागात ९० पैकी ८८ लागतात, त्यामुळे ही माहिती आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त निकडीची झाली आहे.