पेशींशिवाय उगवणारं हाडाचं खनिज

आपल्या रक्तद्रवात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की, रसायनशास्त्राच्या हिशेबाने त्यातून हाडाचं खनिज खाली बसायला हवं. तरी आपला दगड होत नाही. एक तर मॅग्नेशियम, पायरोफॉस्फेट आणि फेट्युइन-ए नावाचं प्रथिन या प्रक्रियेला आडवे येतात. शिवाय स्फटिकाचा पहिला कण तयार होणंच कठीण असतं. आयन एकत्र येतात, विखुरतात. ठरावीक आकार ओलांडला तरच कण टिकतो. योग्य पृष्ठभागाचा आधार मिळाला, की हे काम बरंच सोपं होतं.

इम्प्लांट बनवणाऱ्यांचं सारं लक्ष या पृष्ठभागावर असतं. शरीरात बसवलेल्या परक्या वस्तूभोवती सहसा तंतुमय आवरण तयार होतं आणि ती हाडापासून वेगळी राहते. फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये बनवलेली काच मात्र हाडाला थेट चिकटली. तिच्यात वजनाने ४५ टक्के सिलिका होती, उरलेल्या भागात सोडियम, कॅल्शियम आणि फॉस्फरसची ऑक्साइडं. काच आणि हाड यांना जोडणारा थर अ‍ॅपेटाइटचा, म्हणजे हाडातल्याच खनिजाचा निघाला.

हा थर शरीराबाहेर उगवेल का? क्योतो विद्यापीठातले तादाशी कोकुबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी कृत्रिम शरीरद्रव, म्हणजे रक्तद्रवातल्या क्षारांची नक्कल करणारं द्रावण, वापरलं. १९९० मधला त्यांचा शोधनिबंध या क्षेत्रात अजूनही आधाराला घेतला जातो. या द्रवात लिटरमागे १४२ मिलिमोल सोडियम, २.५ कॅल्शियम, १.५ मॅग्नेशियम आणि १ फॉस्फेट असतं. सामू ७.४, तापमान ३६.५ अंश सेल्सिअस. पेशी नाहीत, प्रथिनं नाहीत.

हा द्रव बनवणं मात्र नाजूक काम आहे. क्षार ठरलेल्या क्रमाने, एक पूर्ण विरघळल्यावरच पुढचा, असे घालायचे. कॅल्शियमची पाळी शेवटाकडे. भांडं प्लॅस्टिकचं हवं, कारण काचेच्या भांड्याच्या भिंतीवर, विशेषतः ओरखड्यांवर, खनिज धरू शकतं. मिश्रण जरा जरी गढूळ झालं, तरी ते सरळ ओतून द्यायचं.

आता हेंच यांची काच यात बुडवली, की तिच्यातलं सोडियम बाहेर पडतं आणि त्या जागी पाण्यातला हायड्रोजन शिरतो. पृष्ठभागावर पाणी धरलेल्या सिलिकाचा जेल तयार होतो. त्यावर कॅल्शियम आणि फॉस्फेट जमतं. आधी आकारहीन थर, मग कार्बोनेट सामावून घेत स्फटिकरूप अ‍ॅपेटाइट. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसतो. क्ष-किरणांच्या आलेखात टोकदार शिखरांऐवजी पसरट उंचवटे येतात, म्हणजे स्फटिक अगदी बारीक आहेत. हाडातही ते तसेच असतात.

टायटॅनियम आपणहून हे फारसं करत नाही. ते सोडियम हायड्रॉक्साइडच्या तीव्र द्रावणात ६० अंशांवर ठेवून नंतर ६०० अंशांना तापवलं, तर सोडियम टायटॅनेटचा थर बनतो. द्रवात सोडियम निघून गेल्यावर पृष्ठभाग ऋणभारित होतो आणि कॅल्शियम ओढून घेतो. कॅल्शियमने भार धन झाला, की फॉस्फेट येतं. विजेच्या साध्या आकर्षणाने एवढं घडावं, हे मला काचेच्या गोष्टीपेक्षाही सुंदर वाटतं. अशा प्रक्रियेचे कृत्रिम खुबे २००७ मध्ये जपानमध्ये वापरात आले.

पदार्थ या द्रवात बुडवून थर उगवतो का हे पाहायचं, या चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानकही त्याच वर्षी आलं, आयएसओ २३३१७. पण थर उगवला म्हणजे पदार्थ हाडाला चिकटणारच, असा निष्कर्ष घाईचा आहे. मार्क बोह्नर आणि जॅक लेमेत्र या संशोधकांनी २००९ मध्ये नेमकी हीच शंका घेतली: द्रवात प्रथिनं नाहीत, बायकार्बोनेट रक्ताच्या मानाने बरंच कमी, कार्बन डायऑक्साइडवर नियंत्रण नाही. उलट बाजूही आहे. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हे कॅल्शियम आणि फॉस्फेटचं संयुग शरीरात हाडाशी छान जुळतं, पण या द्रवात त्यावर अनेकदा काहीच उगवत नाही. शरीरात ते हळूहळू विरघळतं, पेशी ते पोखरतात आणि रिकाम्या झालेल्या जागेत नवं हाड भरत जातं. पेशीच नसलेल्या बाटलीत हे दिसणार तरी कसं?