कल्ट गायक

कल्ट गायक म्हणजे असा गायक किंवा गायिका, ज्यांचे ऐकणारे संख्येने थोडे पण जे आहेत ते अगदी जीव टाकणारे, आणि ज्यांचा परिणाम खपलेल्या रेकॉर्डच्या आकड्यावरून कधीच कळत नाही, कारण त्या थोड्या ऐकणाऱ्यांमध्येच पुढचे गाणारे, गाणी लिहिणारे, गिटार वाजवणारे बसलेले असतात. कल्टला मराठीत पंथ म्हणता येईल, पण पंथाला गुरू लागतो, दीक्षा लागते, इथे तसं काही नसतं, उलट ज्याच्या नावाने हे सगळं चालतं त्याला बरेचदा त्याचा पत्ताही नसतो. त्यापेक्षा आपला जुना कानसेन हा शब्द जास्त जवळचा वाटतो. तानसेन एकटा असला तरी चालतं, त्याला कानसेन भेटले की पुरे.

लोकप्रिय गाणं आपल्याकडे चालत येतं, रेडिओवर लागतं, लग्नात वाजतं, न मागता कानावर पडतं. कल्ट गायकापर्यंत मात्र कुणीतरी हाताला धरून न्यावं लागतं. कुणीतरी कॅसेट भरून दिलेली असते, सीडी उसनी दिलेली असते, लिंक पाठवून फक्त "हे ऐक" एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून कल्ट गायक घडतो तो स्टुडिओत कमी आणि या हातातून त्या हातात जास्त, असं मला ठामपणे वाटतं.

याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण गायकाचं नाही तर बँडचं आहे, न्यूयॉर्कच्या वेल्व्हेट अंडरग्राउंडचं. त्यांचा पहिला अल्बम १९६७ साली आला आणि फारसा चालला नाही. त्याबद्दल इंग्लिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९८२ मध्ये एका मुलाखतीत जे म्हटलं त्याचा आशय असा की पहिल्या काही वर्षांत ३० हजार प्रतीच गेल्या असतील, पण घेणाऱ्या प्रत्येकाने जणू बँड काढला. आकड्यावर वाद घालता येईल पण मुद्दा खराच आहे.

गाणं चांगलं असूनही माणूस मागे का राहतो, याची कारणं बरेचदा अगदी रुक्ष असतात. मेम्फिसच्या बिग स्टार बँडचा पहिला अल्बम १९७२ मध्ये आला, समीक्षकांनी भरभरून लिहिलं, पण वितरणाचा असा घोळ झाला की वाचून दुकानात गेलेल्या माणसाला रेकॉर्डच मिळायची नाही. पंधरा वर्षांनी, १९८७ मध्ये, रिप्लेसमेंट्स या बँडने बिग स्टारचा गायक ॲलेक्स चिल्टन याच्या नावाचंच गाणं केलं. दुकानात न मिळालेला माणूस दुसऱ्याच्या गाण्याचं शीर्षक होऊन बसला.

निक ड्रेक

कल्ट गायक समजून घ्यायचा तर इंग्लंडच्या निक ड्रेकपाशी थोडं थांबावंच लागतं. जन्म १९४८, रंगूनचा, वाढला वॉरिकशायरमधल्या टॅनवर्थ-इन-आर्डन या गावात, केंब्रिजला शिकायला गेला आणि शिक्षण अर्धवट सोडून गाण्यात उतरला. निर्माता जो बॉइडच्या मदतीने आयलंड रेकॉर्ड्सकडून पहिला अल्बम १९६९ मध्ये आला, मग आणखी दोन, त्यातला शेवटचा 'पिंक मून' १९७२ चा, जो लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत दोन रात्रींत रेकॉर्ड झाला, फक्त आवाज आणि गिटार, एका ठिकाणी थोडासा पियानो, सगळा मिळून अर्ध्या तासाच्याही आत संपतो. तिन्हींपैकी एकही अल्बम त्या काळी ५ हजारांच्या पुढे गेला नाही असं सांगतात. नोव्हेंबर १९७४ मध्ये नैराश्यावरच्या गोळ्या जास्त प्रमाणात घेतल्याने तो गेला, वय २६. मोठेपणी गातानाची त्याची एकही फिल्म नाही, त्यामुळे चाहत्यांकडे आहे तो फक्त आवाज आणि थोडे फोटो.

आता गिटारवाल्यांवर त्याचा परिणाम कसा झाला ते बघा, कारण तो नुसता "प्रेरणा मिळाली" छापाचा नाही. गिटारच्या सहा तारा एरवी ई-ए-डी-जी-बी-ई अशा लावतात. ड्रेक त्या बऱ्याच गाण्यांसाठी वेगळ्या लावायचा, पिंक मूनमधल्या काही गाण्यांना सी-जी-सी-एफ-सी-ई अशी रचना आहे, त्यामुळे साध्या पोझिशनवर बोटं ठेवून ती गाणी वाजतच नाहीत. कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये तो बराच वेळ तारा जुळवत बसायचा, प्रेक्षक चुळबुळ करायचे, आणि मुळातच लाजाळू असलेल्या माणसाने शेवटी मंचावर जाणंच सोडलं. बोटं कुठे पडतात ते बघायला फिल्म नाही, म्हणून पुढच्या पिढीच्या वादकांनी ती गाणी निव्वळ कानाने उचलली, रेकॉर्ड पुन्हा पुन्हा मागे घेऊन, तार खाली करून, वर करून, आणि या खटपटीत स्वतःच्या गाण्यांसाठीही नवीन जुळवण्या सापडल्या. हे शिकणं शिकवणीपेक्षा खोल जातं. १९८५ मध्ये आर.ई.एम. हा अमेरिकन बँड तिसऱ्या अल्बमसाठी थेट लंडनला गेला आणि निर्माता म्हणून घेतला तो जो बॉइडला. त्याच वर्षी ड्रीम अकॅडमी या बँडने आपलं सगळ्यात गाजलेलं गाणं निक ड्रेकला अर्पण केलं, म्हणजे ज्यांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं त्यांच्याही रेडिओवर तो अशा आडवाटेने पोचला.

चाहते काय काय करतात

सिक्स्टो रॉड्रिगेझ हा डेट्रॉईटचा गायक. दोन अल्बम, १९७० आणि १९७१, अमेरिकेत दोन्ही पडले, कंपनीने सोडलं, आणि तो घरं पाडण्याच्या, बांधकामाच्या मजुरीवर जगत राहिला. इकडे वर्णद्वेषी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेत त्याच्या गाण्यांच्या कॉप्या फिरत राहिल्या, सरकारी रेडिओने ड्रग्जच्या उल्लेखामुळे गाणं बंद केलं तर लोकांनी ते घरी ऐकलं, आणि सरकारविरोधी गाणी करणाऱ्या तिथल्या, आफ्रिकान्स भाषेत गाणाऱ्या काही गायकांनीही त्याचं ऋण सांगितलं आहे. देश बहिष्कारामुळे जगापासून तुटलेला, गायकाबद्दल माहिती शून्य, त्यामुळे अफवा पसरली की त्याने मंचावरच जीव दिला. काही चाहत्यांनी मग शोध सुरू केला, गाण्यांतल्या गावांची नावं नकाशात शोधली, डिअरबॉर्न हे नाव त्यांना डेट्रॉईटपर्यंत घेऊन गेलं. इंटरनेटवर त्याला शोधणारं पान टाकलं होतं, ते त्याच्या मुलीने पाहिलं आणि कळवलं की वडील जिवंत आहेत. मार्च १९९८ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत गेला आणि हजारो लोकांसमोर गायला, लोक शब्दन् शब्द त्याच्याबरोबर गात होते. २०१२ च्या माहितीपटामुळे ही गोष्ट जगभर झाली, माहितीपटाला ऑस्करही मिळालं, पण त्यात एक गोष्ट राहून गेली जी इथे नोंदवायलाच हवी, ऑस्ट्रेलियातही त्याचे चाहते होते आणि १९७९ व १९८१ मध्ये तो तिथे दौरे करून आला होता. रॉड्रिगेझ २०२३ मध्ये गेला. सगळं करून चाहत्यांनी त्याला काय दिलं तर त्याचं स्वतःचं नाव परत दिलं, हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात मोठं काम वाटतं.

चाहत्यांचा एक त्रासदायक गुणही आहे, मालकी हक्काचा. निक ड्रेकचं पिंक मून १९९९ मध्ये फोक्सवॅगनच्या जाहिरातीत वाजलं आणि अल्बमची विक्री कित्येक पटींनी वाढली, तेव्हा जुन्या चाहत्यांपैकी काहींना आपलं गुपित चव्हाट्यावर आल्यासारखं वाटलं. ते दुःख समजतं, मलाही कधीकधी होतं, पण ते चूक आहे. पंचवीस वर्षं ऐकणाऱ्यांची वाट पाहिलेल्या आवाजाला नवे कान मिळाले तर त्यात आपलं काहीच जात नाही.

गाणाऱ्यांमध्ये हे कसं पसरतं

जेफ बकलीचं उदाहरण घेऊ, कारण त्यात देणं आणि घेणं दोन्ही दिसतं. न्यूयॉर्कच्या शिने नावाच्या छोट्याशा कॅफेत हा मुलगा इलेक्ट्रिक गिटार घेऊन एकटा गायचा, आणि तिथे तो दुसऱ्यांची गाणी गायचा, नीना सिमोनची, एदिथ पियाफची, आणि नुसरत फतेह अली खाँ साहेबांची कव्वालीसुद्धा. खाँ साहेबांना तो आपला एल्व्हिस म्हणायचा. 'ये जो हलका हलका सुरूर है' त्याने त्या कॅफेत उर्दूत गायलेलं रेकॉर्डिंग उपलब्ध आहे, उच्चार चुकतात, पण आलाप घेताना आवाज जसा सोडून देतो तो कव्वाली नीट मुरल्याशिवाय येत नाही. १९९४ च्या त्याच्या 'ग्रेस' या एकमेव पूर्ण स्टुडिओ अल्बममधला तो लांबलचक चढत जाणारा आवाज ऐकताना हे लक्षात ठेवावं.

त्याच वर्षी रेडिओहेड या बँडची मंडळी लंडनमध्ये त्याचा कार्यक्रम ऐकून स्टुडिओत परतली, आणि त्यांचा गायक थॉम यॉर्क याने 'फेक प्लास्टिक ट्रीज' गायलं आणि गाऊन झाल्यावर रडला, हा किस्सा बँडनेच सांगितलेला आहे. उंच, नाजूक आवाजात गाणं म्हणजे कमकुवतपणा नाही एवढीच परवानगी तिथे मिळाली असणार, पण गाणाऱ्याला कधीकधी तेवढीच हवी असते. म्हणजे फैसलाबादच्या खाँ साहेबांची कव्वाली न्यूयॉर्कच्या कॅफेतून ऑक्सफर्डच्या रॉक बँडपर्यंत गेली आणि मध्ये कुठेही मोठा खप नाही, नुसते कान आहेत. 'हालेलुया'चं तसंच. लेनर्ड कोहेनने ते १९८४ मध्ये गायलं तेव्हा फार कुणी लक्ष दिलं नाही, १९९१ मध्ये जॉन केलने वेगळी कडवी निवडून पियानोवर गायलं, बकलीने केलचं ऐकून स्वतःचं केलं, आणि आज हजारो लोक गातात ते बहुतेक बकलीच्या वळणाने.

कधी तर गायक तसाच राहतो आणि गाणं पुढे निघून जातं. टेक्ससच्या टाउन्स व्हॅन झँटचं 'पँचो अँड लेफ्टी' १९८३ मध्ये विली नेल्सन आणि मर्ल हॅगर्ड यांनी गाऊन कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या नंबरवर नेलं. गायक स्टीव्ह अर्लने तर आपल्या मुलाच्या नावात टाउन्स घातलं आणि २००९ मध्ये पूर्ण अल्बमच त्याच्या गाण्यांचा केला. ऑस्टिनचा डॅनियल जॉन्स्टन मॅकडॉनल्ड्समध्ये कामाला असताना घरी केलेल्या कॅसेट लोकांना वाटायचा, सुरुवातीला कॉपी करायची सोय नव्हती तर म्हणे प्रत्येक कॅसेटसाठी सगळी गाणी नव्याने गायचा. १९९२ मध्ये निर्वाना बँडच्या कर्ट कोबेनने त्याच्या कॅसेटवरच्या बेडकाचं चित्र असलेला टी-शर्ट घातला आणि ते नाव जगभर झालं.

मृत्यूची गोष्ट

कल्ट गायक म्हटलं की अकाली मृत्यू, नैराश्य, दारू हे ओघाने येतं, बकली १९९७ मध्ये मेम्फिसला नदीत बुडून गेला, वय ३०, आणि लोक मग प्रत्येक ओळीत मरणाचा संकेत शोधतात. हे थांबायला हवं. जॉन्स्टनचा मानसिक आजार खरा होता, त्याने आयुष्य फार कठीण केलं, त्यातून गाणी आली असं म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे, गाणी तो आजार असतानाही करत राहिला. शिवाय मरण ही अटच नाही. व्हॅश्टी बनियनचा अल्बम १९७० मध्ये आला (निर्माता पुन्हा जो बॉइडच), कुणी घेतला नाही, आणि तिने गाणंच सोडून मुलं वाढवली. २००० मध्ये तो पुन्हा निघाला, डेव्हेंड्रा बॅनहार्टसारखे तरुण गायक तिला शोधत आले, आणि २००५ मध्ये, ३५ वर्षांनी, तिचा दुसरा अल्बम आला ज्यात हीच तरुण मंडळी साथीला होती.

आणि ड्रेकचं घर. तो गेल्यावर टॅनवर्थला चाहते यायला लागले, कबर बघायला, तिच्या दगडाच्या मागच्या बाजूला त्याच्याच गाण्याची ओळ कोरलेली आहे. आई मॉली आणि वडील रॉडनी या अनोळखी पोरांना घरात घ्यायचे, त्याची खोली दाखवायचे, आणि त्याने घरी टेपवर केलेल्या गाण्यांच्या कॉप्याही द्यायचे, त्यातूनच पुढे ती रेकॉर्डिंग जगभर फिरली. मॉली स्वतः पियानोवर गाणी रचायची, १९५० च्या दशकात नवऱ्याने ती घरच्या घरी रेकॉर्ड करून ठेवली होती, घराबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. २०१३ मध्ये त्यांचा अल्बम निघाला, मुलाच्या शेवटच्या अल्बमचा रेकॉर्डिंग इंजिनिअर जॉन वुड यानेच त्या टेप साफ केल्या. मॉली तेव्हा नव्हती, १९९३ मध्येच गेली होती. मुलाला ऐकून आलेले लोक आता आईलाही ऐकतात, आणि ज्याने दोघांना लागोपाठ ऐकलं आहे त्याला मुलाच्या सुरावटीची वळणं आईकडे आधीच सापडतात.